बाते ओग्नियानचा हिरवा बिल्ला

बल्गेरियातल्या गाब्रोव्होत माणसाची ऐपत त्यानं केलेल्या खर्चावरून कुणी ठरवत नाही, टाळलेल्या खर्चावरून ठरवतात. त्या हिशेबानं ओग्नियान कासाबोव्ह म्हणजे गावातली बडी आसामी. लोकरीच्या बंद पडलेल्या गिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर त्याची 'कांबाना' नावाची कंपनी होती. मालक धरून तीन माणसं, खोली गरम ठेवणारे दोन रेडिएटर (त्यातला एक चालू) आणि कॉफीचं एक यंत्र, ज्यातून एकाच पुडीवर दोन कप निघत. शाळेची घंटा कधी वाजायची आणि किती वेळ वाजायची, हे सांभाळणारा प्रोग्राम ही मंडळी बनवत आणि देशभरातल्या शाळांना विकत.

कंपनीत एक नियम होता आणि ओग्नियानला त्याचा फार अभिमान. प्रोग्रामची सगळी माहिती देणारी जी पानं इंटरनेटवर होती, त्यांच्या अगदी डोक्यावर एक छोटासा बिल्ला चिकटवलेला असे. प्रोग्राममध्ये कुणी काही बदललं की मशीन आपणहून त्याच्या सगळ्या चाचण्या घेई. सगळ्या पास, तर बिल्ला हिरवा. एक जरी नापास, तर लाल. आणि ज्याच्या हातून तो लाल होईल त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी स्वतःच्या खिशातून गरम बानित्सा आणायची, पदरापदरात चीज भरलेली, सोबत थंड ताक. नियम भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. कंपनी सुरू झाल्यापासून आजतागायत कुणालाही बानित्सा आणावी लागली नव्हती.

"एकदाही नाही!" ओग्नियान न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगे.

"एकदाही नाही?" न्हावी कात्री थांबवून विचारी. त्याच्या आवाजात खरा आदर असे. हा आदर प्रोग्रामबद्दल नव्हता, खिशाबद्दल होता.

रादोस्तिना, म्हणजे रादा, ही कंपनीतली नवी. मूळची वीदिनची, म्हणजे दूर तिकडे डॅन्यूब नदीच्या काठची, जिथून तरुण माणसं बसमध्ये बसून निघतात आणि परत येतात ती फक्त सणाला. प्रोग्रामची माहितीची पानं लिहिणं हे तिचं काम. उमेदवारीचे महिने संपत आले होते. शुक्रवारी एकतर कायमच्या करारावर सही होणार होती, नाहीतर तिला घरी जाऊन मावशीच्या रंगाच्या दुकानात डबे मोजत बसावं लागणार होतं. मावशी आत्तापासूनच फोनवर विचारू लागली होती की गल्ल्यावर बसायला आवडेल की गोदामात.

सोमवारी ओग्नियाननं तिला बोलावलं.

"हे बघ पोरी, आपल्या पानावर एकच बिल्ला आहे. बरं दिसत नाही. सोफियातल्या कंपन्यांची पानं बघ, जनरलच्या छातीवर पदकं असावीत तशी रांग! चाचण्यांचा बिल्ला, आवृत्तीचा बिल्ला, परवान्याचा बिल्ला, माहिती ताजी की शिळी त्याचाही बिल्ला. आपल्यालाही रांग पाहिजे. आणि हातानं रंगवत बसायचं नाही. मशीनला हुकूम देणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिही, आपोआप तयार झाले पाहिजेत. शुक्रवारपर्यंत लागले तर सही करतो."

"आणि नाही लागले तर, बाते?"

बाते म्हणजे थोरला दादा. ओग्नियानला सगळे बातेच म्हणत. 'साहेब' म्हटलं की माणूस पगारवाढ मागायला आलाय असं त्याला वाटे.

"वीदिनची बस शनिवारी सकाळी असते," तो म्हणाला. "माझा हिरवा मात्र आहे तिथं राहू दे. तो मी स्वतः लिहिलाय."

बाहेर आल्यावर झिव्कोनं तिला गाठलं. झिव्को हा तिथला एकमेव प्रोग्रामर. जाडजूड, प्रेमळ आणि सदैव भुकेला.

"हिरव्याला हात लावू नकोस हं, वीदिनकर. बातेची मिशी ओढलीस तर एक वेळ चालेल."

पण रादाचा स्वभाव आड आला. एका खणात तीन चमचे एका घडणीचे आणि चौथा दुसऱ्या, असं दिसलं की तिला झोप लागायची नाही. तीन बिल्ले नव्या स्क्रिप्टमधून निघणार आणि चौथा जुन्यापुराण्या वेगळ्या स्क्रिप्टमधून, हे तिला बघवेना. तिनं चारही एकाच ठिकाणी आणले. चाचण्यांचा निकाल कोणत्या शब्दात येतो हे तिनं मशीनच्या अहवालात पाहिलं, रोमन लिपीतला 'फेल' (fail) हा शब्द तिथूनच उचलून आपल्या स्क्रिप्टमध्ये चिकटवला, आणि मंगळवारी दुपारी बटण दाबलं.

पानावर चार बिल्ले उगवले. आवृत्तीचा निळा. परवान्याचा करडा. माहिती ताजी असल्याचा हिरवा. आणि चाचण्यांचा लाल. लाल म्हणजे असा लाल की वाळत घातलेल्या मिरच्यांच्या माळेनं लाजून बाजूला सरावं.

"बानित्सा!" झिव्को खुर्चीतून उठूनच ओरडला. त्या आरोळीत किती वर्षांची उपासमार होती ते त्याचं त्यालाच ठाऊक.

ओग्नियान आपल्या खोलीतून बाहेर आला. पडद्याकडे बघितलं. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत बघितलं.

"काय केलंस?"

"बिल्ले केले, बाते. प्रोग्रामला बोटसुद्धा लावलं नाही."

"मग हा लाल कसा झाला?"

"एखादी चाचणी नापास होत असेल."

"काल तर पास होती!"

"काल बिल्ला हिरवा होता."

"तेच ते!"

"तेच ते कसं, बाते?"

"मला शिकवतेस?" ओग्नियाननं टेबलावर हात ठेवला. "माझ्या सासूनं घरात थर्मामीटर आणला आणि त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांना ताप. त्याआधी कुणाला ताप म्हणून माहीत नव्हता! तसलं चाललंय हे. शुक्रवारच्या आत तो हिरवा झाला पाहिजे. आणि उद्या बानित्सा."

"बानित्सा दोषी माणसानं आणायची असं फळ्यावर लिहिलंय," रादा म्हणाली. "मी आणली तर मी दोषी ठरते. म्हणून नाही आणणार."

"तू नुसती आण," झिव्को कळवळून म्हणाला. "निर्दोष बानित्सासुद्धा चालेल मला."

बुधवारचा सगळा दिवस रादानं मशीनचा अहवाल चाळण्यात घालवला. अहवाल मैलभर लांब. त्यात शेवटी शेवटी कुठंतरी 'आखूड दिवस, शेवटची घंटा: फेल' अशी एक ओळ होती. तिला त्यातून एवढंच कळलं की चाचणी खरंच नापास होतेय. ती कालपासून नापास होतेय की पूर्वीपासून, आणि पूर्वीपासून असेल तर आजवर बिल्ला हिरवा कसा, हे काही उमगेना. चाचणी चुकीची असेल, असंही वाटून गेलं.

"तू हा अहवाल कधी वाचला नाहीस?" तिनं झिव्कोला विचारलं.

"वर हिरवं दिसत असताना खाली कोण वाचतं?" झिव्को म्हणाला. मग खुर्ची तिच्याकडे सरकवून आवाज उतरवला. "ऐक माझं. स्क्रिप्ट तुझी आहे. एक ओळ घाल: निकाल काही येवो, रंग हिरवा. शुक्रवारी सही होऊ दे. मग सोमवारपासून निवांत शोध, कायमच्या पगारात. सत्य कुठं पळून जातंय?"

"ही लबाडी झाली."

"लबाडी नाही, उधारी झाली. पुढच्या आठवड्यात फेडायची."

रादानं त्याला चांगलं झापलं. झिव्को गुपचूप आपल्या जागेवर गेला. मग मावशीचा फोन आला: गोदामात ओल आलीय, म्हणून तुला गल्ल्यावरच बसवायचं नक्की केलंय, आणि हो, येताना तिथल्या फॅक्टरीतली चॉकलेटं आण. फोन ठेवल्यावर रादा थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. खाली यांत्रा नदीचं पाणी नेहमीसारखं उथळ वाहत होतं. झिव्को म्हणे, गाब्रोव्होतून जाताना नदीसुद्धा काटकसर करते. मग तिनं स्क्रिप्टमध्ये ती ओळ घातली आणि बटण दाबलं.

हिरवा. चारही बिल्ले गुण्यागोविंदानं नांदू लागले.

ओग्नियान इतका खूश झाला की त्यानं दुसरा रेडिएटर चालू केला. अर्थात पाव तासच, पण केला. "बघ, मन लावलं की होतं!" त्यानं कराराचे कागद कपाटातून काढून स्वतःच्या टेबलावर ठेवले आणि त्यांच्यावर पेन ठेवलं. "सही शुक्रवारीच. आज केली तर दोन दिवसांची उमेदवारी फुकट जाईल. आणि बानित्साचं बघ काय ते. आधी बिघडवलंस, मग दुरुस्त केलंस. बिघडवलंस हे तर खरंच ना?"

रादानं अहवालाची खिडकी मिटून टाकली. आता बोलायला तोंड उरलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी कंपनीचा फोन वाजला आणि तो तिनं उचलला.

"द्र्यानोव्होहून बोलतेय, शाळेची मुख्याध्यापिका दोन्चेव्हा. तुमच्या पानावरचे नवे बिल्ले पाहिले. छान आहेत हो. माझा एक प्रश्न होता. तक्रार नाही हं, नुसता प्रश्न."

"विचारा ना, दोन्चेव्हाबाई."

"आखूड दिवसाची शेवटची घंटा मिळायला वेगळे पैसे भरावे लागतात का?"

रादाच्या हातातला कप अधांतरी राहिला. शाळांत अधूनमधून आखूड दिवस असतात. बर्फ पडलं, निवडणूक आली, शिक्षकांची बैठक निघाली की तास छोटे करून मुलांना लवकर सोडतात. प्रोग्रामला ते सगळं कळायला हवं होतं.

"म्हणजे... त्या दिवशी शेवटची घंटा वाजत नाही?"

"नाही. पहिल्यापासूनच नाही. तुम्ही पडलात गाब्रोव्होची माणसं. आम्ही म्हटलं, विजेची बचत करत असतील. आता सगळे घरीच जाणार, मग त्यांना सांगायला घंटा कशाला? विचार पटण्यासारखा होता. आमचा शिपाई स्वयंपाकघरातला डाव घेऊन पातेल्यावर बडवायचा, काम भागायचं."

"मग आता काय झालं?"

"तो निवृत्त झाला ना! परवा आखूड दिवस होता आणि पातेलं बडवायला कुणी नाही. आमचे गणिताचे मास्तर शिकवायला लागले की त्यांना जगाचं भान नसतं. पोरं बिचारी अंधार पडेपर्यंत बसली. पालक कंदील घेऊन यायचे बाकी होते. म्हणून म्हटलं विचारावं, पैसे भरून मिळत असेल तर घेऊन टाकू."

"पैसे नाही लागत, बाई," रादा कसंबसं म्हणाली. "ती घंटा तुमचीच आहे."

फोन ठेवून तिनं अहवालातली कालची ओळ पुन्हा काढली. म्हणजे चाचणी बरोबर होती, प्रोग्राम चुकीचा होता, आणि तोही पहिल्यापासून. मग इतकी वर्षं तो जुना बिल्ला काय बघून हिरवा होत होता? तिनं ओग्नियानची स्क्रिप्ट उघडली. चार ओळींची तर होती. निकाल 'फेल' असेल तर लाल, नाहीतर हिरवा. शेंबड्या पोरालाही कळेल इतकी सरळ.

तिनं ती वरून वाचली, खालून वाचली. मग वैतागून तिनं मशीनला सांगितलं, या स्क्रिप्टमध्ये 'फेल' हा शब्द कुठं कुठं आहे ते दाखव.

मशीन म्हणालं: असा शब्द इथं नाही.

शब्द तिच्या नाकासमोर होता.

"झिव्को! इकडे ये. हे काय लिहिलंय?"

"फेल."

"मशीन म्हणतंय नाही."

झिव्को वाकला. त्यानं शब्दावर बोट ठेवलं, पडद्यावर डाग पाडला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. "आई गं," तो पुटपुटला. "मधला 'a' हा आपला 'आ' आहे."

रोमनमधला 'ए' (a) आणि बल्गेरियन जिच्यात लिहितात त्या सिरिलिक लिपीतला 'आ' (а) हे दिसायला जुळे भाऊ. कागदावर शेजारी उभे केले तर त्यांच्या आईलाही ओळखू यायचे नाहीत. पण मशीनच्या लेखी त्यांची घरं वेगळी, आडनावं वेगळी. आणि इथल्या माणसाचा अंगठा आयुष्यभर लिपी बदलायच्या कळीवर असतो. काम रोमनमध्ये, गप्पा सिरिलिकमध्ये. दिवसातून शंभरदा इकडून तिकडे. काय झालं असेल ते दोघांनाही डोळ्यांपुढे दिसलं, कारण दोघांनीही ते हजारदा केलेलं होतं. बातेनं शब्दाचं पहिलं अक्षर टंकलं. तेवढ्यात बायकोचा संदेश आला: टोमॅटो आण. बातेनं लिपी बदलून उत्तर दिलं: महाग आहेत. परत कामाला लागला. दुसरं अक्षर उमटलं, आपल्या लिपीत, पण दिसायला अगदी हवं तसं. तिसरं उमटलं ते मात्र भलतंच. 'अरे, लिपी बदलायची राहिली', म्हणून त्यानं तिसरं पुसलं, कळ दाबली आणि शब्द पुरा केला. दुसऱ्याला कशाला पुसेल? ते तर बरोबर दिसत होतं.

तेव्हापासून स्क्रिप्ट एका अशा शब्दाची वाट बघत होती, जो जगातलं कुठलंही मशीन कधी बोलणार नव्हतं. आणि तो येत नाही म्हणून इमानेइतबारे हिरवा रंग लावत होती.

झिव्को धप्पकन खुर्चीत बसला. "म्हणजे मी काहीही लिहिलं असतं तरी..."

"हिरवाच."

"आणि मी इतकी वर्षं स्वतःला हुशार समजतोय! बायकोला सांगितलंय मी!" थोडा वेळ त्यानं आपल्या गतकीर्तीचा शोक केला. मग भानावर आला. "हे बघ, बातेला आज सांगू नकोस. उद्या सही होऊ दे. कागद टेबलावर आहेत, पेन कागदांवर आहे. सोमवारी सांग. त्याचा बिल्ला खोटा निघाला हे तो ऐकेल आणि मग सही करेल, असं वाटतं तुला?"

रादाला तसं मुळीच वाटत नव्हतं. पण आणखी एक गोष्ट तिला खात होती. बातेची चूक एका अक्षराची होती, आणि नकळत झालेली. आत्ता पानावर जो हिरवा झळकत होता तो तिनं जाणूनबुजून लिहिलेल्या अख्ख्या ओळीचा होता. दोन्चेव्हाबाईंनी त्याचंच कौतुक केलं होतं, छान आहे म्हणून.

संध्याकाळी निघण्यापूर्वी तिनं ती ओळ पुसली. बिल्ला लाल झाला. त्याच्याखाली, माहितीच्या पानावर, तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आखूड दिवशी शेवटची घंटा वाजत नाही. चूक तुमची नाही, आमची आहे. दुरुस्ती होईपर्यंत एखाद्या माणसाकडून वाजवून घ्या.' मग सगळ्या शाळांना पान बदलल्याची सूचना पाठवली, आणि आपण काय केलं हे नीट समजण्याच्या आत मशीन बंद करून घरी गेली.

शुक्रवारी ओग्नियान आला तो कोट न काढताच तिच्या टेबलापाशी.

"हे काय आहे?"

"खरं आहे ते, बाते."

"खरं आहे ते मला दिसतंय! पण ते पानावर कशाला?"

रादानं त्याची स्क्रिप्ट उघडून दिली. "यात 'फेल' शोधा."

"शोधायचं काय? हा काय समोर आहे."

"मशीनला शोधायला सांगा."

ओग्नियाननं सांगितलं. मशीन म्हणालं, नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, जरा जोरात कळा दाबून. मशीन म्हणालं, नाही. त्यानं जवळचा चष्मा काढून लांबचा लावला.

"मधला 'आ' सिरिलिक आहे, बाते," रादा हळूच म्हणाली.

"'आ' म्हणजे 'आ'! 'आ' मध्ये कसला भेदभाव?" पण आवाजातला जोर ओसरला होता. बराच वेळ तो त्या अक्षराकडे, बँकेत खोटी नोट परत मिळालेल्या माणसासारखा बघत राहिला. मग म्हणाला, "हे झिव्कोनं केलं असणार."

"तुम्ही हे लिहिलंत तेव्हा मी शाळेत होतो, बाते," कोपऱ्यातून झिव्को म्हणाला. "फळ्यावरच्या नियमाप्रमाणे आता बानित्सा कुणी..."

"जुनी प्रकरणं उकरायची नाहीत!" ओग्नियान कडाडला. "मुदत असते प्रत्येक गोष्टीला. खुनाला असते, बानित्साला नसेल?"

तो आपल्या खोलीत गेला आणि कागद-पेन घेऊन परत आला. खुर्ची ओढून रादासमोर बसला. आवाज एकदम मऊ.

"हे बघ पोरी, तू हुशार आहेस. मला माणूस कळतो. झिव्को सोमवारपर्यंत ती घंटा दुरुस्त करेल. तोवर बिल्ला हिरवा ठेव आणि ते मोठ्या अक्षरांतलं काढ. मी आत्ताच्या आत्ता सही करतो. हे बघ, पेनाचं टोपण काढलं."

टोपण खरंच काढलेलं होतं. रादानं त्या निबाकडे बघितलं. मावशीचा गल्ला, ओलसर गोदाम, डब्यांवरची धूळ, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"नाही, बाते."

"का?"

"बुधवारी तो हिरवा झाला होता ना, तो मी हातानं केला होता. चाचणी नापासच होती."

ओग्नियानचा चेहरा उजळला. "म्हणजे तुला जमतं! मग अडचण काय आहे?"

"द्र्यानोव्होत पोरं अंधार पडेपर्यंत वर्गात बसून होती. बाई म्हणाल्या, आम्हाला वाटलं तुम्ही वीज वाचवता. आपल्यावर विश्वास आहे म्हणून गप्प बसलेत ते, बाते. परत हिरवा दाखवला तर पुढच्या आखूड दिवशी परत बसतील."

ओग्नियाननं तिच्याकडे बघितलं, कागदांकडे बघितलं, आणि पेनाला टोपण लावलं. टिक् असा आवाज झाला.

"मग उद्याची बस," तो म्हणाला, फारसा रागावून नाही, पण म्हणाला.

रादानं खणातलं आपलं सामान काढायला घेतलं. सामान म्हणजे एक कप, हातमोजे आणि एक कॅक्टस. तेवढ्यात फोन वाजला. ओग्नियाननं तिला हातानं थांबवलं. शिव्या खायच्या असतील तर मालकानंच खाव्यात, एवढी रीत त्याला होती.

"कासाबोव्ह बोलतोय. हो, मालक. कुठून? त्र्याव्ह्ना? हो, वाचलं ना तुम्ही ते... काय? भिंत?" तो ऐकत राहिला. "दोनदा?" मग त्यानं रिसीव्हरवर हात ठेवला आणि थिजलेल्या आवाजात म्हणाला, "शेवटची घंटा वाजत नाही म्हणून यांनी वायर बघायला भिंत उकरलीय. दोनदा. म्हणतायत, देव भलं करो, आमची भिंत सुटली. ज्यांनी लिहिलंय त्यांच्याशी बोलायचंय."

"तुम्हीच बोला ना."

"मी म्हटलं मी बोलतो. म्हणाले, मालक नको, खरं लिहिणारी बाई द्या."

रादानं हातमोजे खाली ठेवून फोन घेतला. तो संपतो तोच दुसरा आला. हे मुख्याध्यापक इतकी वर्षं आपल्या बहिऱ्या होत चाललेल्या कानांना दोष देत होते आणि फार आनंदात होते. तिसऱ्या शाळेनं पान पहिल्यांदाच वाचलं होतं, आणि त्यात घंटेचा आवाज कमी करायची सोय आहे हे कळल्यावर त्यांना रडू यायचं बाकी होतं. सगळ्यांना रादाच हवी होती. मध्येच एक फोन ओग्नियाननं मोठ्या चिकाटीनं स्वतःच धरून ठेवला, आणि त्याच्या भुवया वर वर जाऊ लागल्या.

"सेव्हलिएव्होची शाळा," तो फोन ठेवून म्हणाला. "आपलं गिऱ्हाईक नाही. दुसऱ्या कुणाचा प्रोग्राम आहे त्यांच्याकडे. म्हणतो, त्या लोकांच्या पानावर सगळे बिल्ले हिरवेगार, आणि घंटा एकही धड वाजत नाही. तुमच्याकडे निदान कोणती वाजत नाही ते तरी कळतं. दर पाठवा म्हणतो." तो स्वतःशीच हिशेब केल्यासारखा थांबला. "लाल बघून गिऱ्हाईक येतंय. असं कुठं असतं का? झिव्को, असं कुठं ऐकलंयस?"

"मी इतकी वर्षं काहीच ऐकलेलं नाही, बाते. मी हिरव्याकडे बघत होतो."

फोन परत वाजला. रादानं तो खांद्यानं कानाशी धरला आणि समोरच्या माणसाला शांतपणे सांगू लागली, नाही हो, तुमच्या शिपायाला काढू नका, सोमवारपर्यंत तरी नको. ओग्नियान तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला. मग त्यानं कॅक्टस उचलून परत खिडकीत ठेवला, कराराचे कागद तिच्या कोपराखाली सरकवले, टोपण काढलेलं पेन त्यांच्यावर ठेवलं आणि तिच्या दुसऱ्या, रिकाम्या कानाशी वाकला.

"सही कर, मीही करतो. फोन कोण घेणार नाहीतर? पण एक सांग," तो दबक्या आवाजात म्हणाला, "लालच पाहिजे का? जरा विटकरी चालणार नाही? लांबून तेवढं डोळ्यांत भरणार नाही."

रादानं फोनवरचं बोलणं न थांबवता एकदा मान वर केली आणि खाली आणली. इकडे त्याचा अर्थ 'नाही' असा होतो. मग तिनं पेन उचललं आणि सही करण्याआधी करारातली प्रत्येक ओळ वाचायला सुरुवात केली. ओग्नियान तिथंच उभा राहून वाट बघत राहिला.